तुकोजीअण्णांचा वारा

आमच्या क्वार्टर्समध्ये मिक्सर कधी लावायचा हे तुकोजीअण्णा ठरवायचे. सुट्टीच्या दिवशी ऐन दुपारी गच्चीवरून आरोळी यायची, "वारा सुटला! मिक्सर लावा, पंप लावा, इस्त्री करा! वीज साठवता येत नाही हो, आत्ताच्या आत्ता खपवायला हवी!" डोळा लागलेली माणसं दचकून उठायची. मी खालच्याच मजल्यावर, त्यामुळे त्यांच्या येरझाऱ्या माझ्या डोक्यावर.

बंगळुरातला नारळ हलला की तिकडं गदगच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरल्याच, असा त्यांचा हिशोब. "अण्णा, गदग कुठं, आपण कुठं!" म्हटलं की म्हणायचे, "वारा सगळा एकच, अक्का."

नव्वदच्या दशकातली गोष्ट ही. आम्ही दोघंही वीज खात्याच्या कंट्रोल रूममध्ये. पवनचक्क्या तेव्हा नव्या नवलाईच्या. वारा सुटला की नको तेव्हा वीज यायची आणि अण्णा ती फोनवरून शेजारच्या राज्यांना विकत सुटायचे, बाजार उठताना कोथिंबीर विकतात तशी. "घ्या की साहेब! स्वल्प भाव कमी करतो." संध्याकाळी वारा पडला की त्याच साहेबापुढे हात पसरायचे, आणि तो मेला दुप्पट भाव सांगायचा. मग पुन्हा येरझाऱ्या. खुर्ची त्यांना कधी सोसलीच नाही.

"एक दिवस अख्ख्या देशाचा एकच वीजबाजार होणार, अक्का. घटकेघटकेला नवा भाव. वारा सुटला की कोळशावर वीज करणारे कपाळाला हात लावणार. पडला की तेच मिशीला पीळ देणार. सरी?"

"सरी, सरी," मी म्हणायची. बरोबर आहे म्हटल्याशिवाय माणूस पुढं हलायचा नाही ना!

डोंगरावरून रोज दुपारी विजेचा आकडा फोनवर यायचा. तो फोन अण्णा दुसऱ्या कुणाला उचलू देत नसत. आकडा सांगणारा ऑपरेटर म्हणजे त्यांचा जावई. शालूनं बापाला न विचारता त्याच्याशी लग्न केलं, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. बायको आधीच गेलेली. जावयाशी बोलणं एवढंच: "वारा?" "आहे." "आकडा?" तो सांगितला की फोन खाली. मला भारी संताप यायचा. "लेकीची चौकशी करा की एकदा!" तर म्हणे, "ऑफिसच्या फोनवर घरचं बोलायचं नाही." आता काय बोलणार, कपाळ!

भाद्रपदातल्या एका दुपारी अण्णांनी त्या साहेबाला वीज कबूल केली, तेवढ्यात डोंगराचा फोन वाजला. "वारा?" अण्णांनी विचारलं, आणि चालता चालता जागीच थांबले. त्या फोनमधला आवाज मला टेबलापलीकडून ऐकू यायचा.

"अप्पा, मी शालू. हे वर चढलेत चक्कीवर. वारा पडलाय."

"आकडा?"

"शून्य."

एव्हाना फोन खाली जायचा. गेला नाही.

"मग तिथं उकडत असेल गं," अण्णा म्हणाले. "पंखा आहे ना घरात?"

"पंखा आहे अप्पा. करंट नाही."

अण्णा मटकन खुर्चीत बसले. दुसरा फोन ठणाणा करायला लागला. "अण्णा, साहेब असणार!" मी म्हटलं. त्यांनी हातानंच मला गप्प केलं.

"इकडं ये," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता ये. दोघं या."

मी दुसरा फोन उचलला. साहेबच होता, कबूल केलेली वीज मागत होता.

"आज नाही जमायचं," मी डोळे पुसत म्हटलं. "वारा पडलाय."