आल्वारिन्यो आणि बारा वड्या

"वाइनचं तू माझ्यावर सोड!" चंद्रहासने बायकोला, अस्मिताला ठणकावलं.

गेल्या महिन्यापर्यंत ज्याला व्हाइट वाइन पांढरी नसते हेही ठाऊक नव्हतं, त्याने हे म्हणावं! पण कारण तसंच होतं. जूनमध्ये पोर्तुगालला, पोर्तो शहरात मोठी परिषद होती. क्योतोच्या त्याच्या प्रयोगशाळेतून एकालाच पाठवणार होते आणि निवड तिथल्या प्रमुखांच्या, म्हणजे इवाकिरी सेन्सेईंच्या (सेन्सेई म्हणजे गुरुजी) हातात होती. स्पर्धेत दोघंच, चंद्रहास आणि नाशिकची जुई. मग चंद्रहासने बेत आखला. सेन्सेईंना घरी जेवायला बोलवायचं आणि समोर पोर्तुगालचीच ड्राय वाइन ठेवायची. न बोलता आठवण!

"ही आल्वारिन्यो," तो बाटली कुरवाळत म्हणाला. "गोडवा नावाला नाही. लिंबू पिळल्यासारखी. हिच्याबरोबर तळलेलं हवं, खारं हवं, समुद्रातलं हवं. तू कोथिंबीर वडी आणि रवा लावून सबा कर."

"सबा म्हणजे बांगडाच ना? मग बांगडा म्हण की! आणि वडीबरोबर चहा नाही का चालणार?"

"चहा!" चंद्रहासने कपाळावर हात मारून घेतला.

सेन्सेई सहाच्या ठोक्याला हजर झाले. पहिल्याच घोटाला त्यांचे कान लालबुंद झाले. दारू त्यांना मुळीच सोसत नसे, पण यजमानाला तसं सांगणार कसं? त्यांनी आपला ग्लास भरलेलाच ठेवला आणि बाटली हातात घेतली. आपला ग्लास आपण भरायचा नाही आणि समोरच्याचा रिकामा राहू द्यायचा नाही, ही तिथली रीत. आणि वाढलेलं टाकायचं नाही, हे चंद्रहासच्या आईचं वळण! तो ग्लास संपवी, सेन्सेई भरत. तो संपवी, ते भरत.

तिकडे बशीतही तेच चाललं होतं. सेन्सेईंच्या लेखी ताटात काही उरवणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान. अस्मिताच्या लेखी पाहुण्याची बशी रिकामी राहणं म्हणजे तिचा अपमान!

"दोझो, दोझो! घ्या ना, एवढी एकच घ्या!" अस्मिताचा आग्रह सुरू.

सेन्सेई मान लववत आणि डोळे मिटून वडी गिळत. कुणीच माघार घेईना. अकराव्या वडीला त्यांनी हळूच पट्टा सैल केला. दुसरी बाटली उघडली गेली ती चंद्रहाससाठीच.

"सेन्सेई," तो एकदम उभा राहिला, "ही वाइन मला का आवडते, सांगू? हिच्यात साखर घालून काही लपवलेलं नाही! मग मी तरी का लपवू?"

अस्मिताने टेबलाखालून लाथ मारली. ती सेन्सेईंना लागली.

"माझ्या पेपरचा तिसरा भाग नुसता पाणी घालून वाढवलाय! जुईचा पेपर माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगला आहे. सेन्सेई, पोर्तोला जुईला पाठवा!" आणि त्याने हात जोडून चक्क रडायला सुरुवात केली. सेन्सेईंनी बारावी वडी घेतली.

दुसऱ्या दिवशी चंद्रहासचं डोकं ठणकत असताना सेन्सेईंचं बोलावणं आलं. त्यांचे डोळे पाणावलेले होते.

"चंद्रहास-सान, काल मी खिशात निवडीचं पत्र घेऊनच आलो होतो. तुमच्या नावाचं."

"माझ्या?"

"पण तुम्ही सहकाऱ्यासाठी तीनदा हात जोडलेत! चाळीस वर्षांत असा माणूस पाहिला नाही. तुमचा शब्द मी खाली पडू दिला नाही. सकाळीच नाव बदललं."

सेन्सेई कमरेत वाकले. चंद्रहासही वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. एवढं हळहळायला त्याला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी तो घरी येऊन सोफ्यावर कोसळला. "जुईसाठी मी म्हणे तीनदा हात जोडले!"

"तीनदा?" पोट बिघडलेल्या सेन्सेईंसाठी ताकाची बाटली भरता भरता अस्मिता म्हणाली. "चारदा! चौथ्यांदा ते नको नको म्हणत होते, तर तू बसस्टॉपपर्यंत त्यांच्या मागे गेलास."