कट्ट्यावरची शोकवार्ता

धुळ्याच्या प्रेमराज देवरेने आपले वडील आधार आबा गेल्याची बातमी ‘खान्देश कोड कट्टा’ या संकेतस्थळावर टाकली. कट्ट्याचे सभासद दोनशेच्या वर होते आणि त्यांपैकी बऱ्याच जणांनी आबांच्या घरचा चहा घेतलेला होता. एकानेही उत्तर दिले नाही.

कट्टा म्हणजे संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी चर्चेसाठी उभारलेली जागा. ती जळगावच्या हितेंद्र नारखेडेने बांधली आणि प्रेमराजने माणसांनी भरली. नोकरी पुण्याच्या कंपनीची आणि खुर्ची घरातली, अशा स्थितीत दिवसभर कोणाशीही न बोलणाऱ्यांना तिथे बोलायला मिळू लागले. लवकरच ते भांडूही लागले. कट्टा यशस्वी झाल्याचे ते लक्षण मानण्यात आले.

भांडण समासाचे होते. प्रोग्रामच्या काही ओळी डावीकडून थोड्या आत सरकवून लिहितात. त्या टॅबची कळ दाबून सरकवाव्यात, असे हितेंद्रचे मत. रिकाम्या जागा एकेक करून द्याव्यात, असे प्रेमराजचे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसते, त्यामुळे वाद मिटणे अधिकच कठीण झाले होते. बोदवडचा युवराज आणि यावलची सपना यांच्या लग्नाचे जमत आलेले बोलणे याच मुद्द्यावर फिसकटले, असे सांगतात. त्यास पुरावा नाही.

धुळ्यातल्या बैठका प्रेमराजच्या ओट्यावर होत. एस.टी.तून निवृत्त झालेले आधार आबा दाराशी खाट टाकून सगळे ऐकत. एकदा त्यांनी दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट समजून घेतले आणि विचारले, “मंग गाडी चालस ना दोन्हीघाई?”

दोन्ही रीतींनी चालते, असे दोन्ही पक्षांना कबूल करावे लागले. आबांनी पुढे काही विचारले नाही.

अखेर थंडीत, असोद्याला हितेंद्रच्या मळ्यात, भरीत पार्टीच्या दिवशी मतदान घ्यायचे ठरले. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात असताना हात वर झाले आणि टॅब जिंकला. प्रेमराजने पुरीचा घास खाली ठेवला नाही.

“बठ्ठा चुकी राहिनात,” सगळ्यांनाच चूक ठरवत तो म्हणाला. “पन भरीत झकास शे.”

त्या आठवड्यात नियम लागू झाला, आणि लागू झाला त्याच दिवशी आबा गेले. दोन दिवसांनी प्रेमराजने कट्ट्यावर येणे सोडले. त्याला हार पचली नाही, असा निष्कर्ष हितेंद्रने काढला. उपलब्ध माहितीवरून दुसरा निष्कर्ष निघतही नव्हता. फोन तरी करा, असे त्याची बायको मोहिनी रोज सुचवी. राग उतरला की येईल, असे तो रोज सांगे. शेवटी त्याने फोन केला, तो प्रेमराजच्या बायकोने, सारिकाने, उचलला.

“वहिनी, त्याला म्हणावं राग सोड आता. एवढ्याशा गोष्टीवरून कोणी कट्टा सोडतं का?”

सारिका म्हणाली, “भाऊ, त्यांनी डोकं केलंय, केस उतरवलेत. आबांचं गंधमुक्त काल झालं, सुतक फिटलं.”

हितेंद्र फोन हातात धरून बसला. त्याची आई बेबाबाई शेजारी मेथी निवडत होती. तिने सगळे विचारून घेतले.

“काबरं रे,” ती म्हणाली, “त्याचा बाप गेला अन् तुले माहीत नी? दिवसभर तर त्याच्याशीच भांडत बसतो.”

त्याने मिळेल ती बस पकडली. प्रेमराज त्याच ओट्यावर बसला होता. दाराजवळची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती.

“बस,” प्रेमराज म्हणाला. “चहा चालतो ना, का त्याच्यावरही मतदान घ्यायचं?”

“मला कळलंच नाही रे.”

“कट्ट्यावर टाकलं होतं.”

“नाही. नव्हतं.”

प्रेमराजने फोन पुढे केला. बातमी होती. मधोमध आबांचे नाव, त्याखाली तिथी, त्याखाली शोकाकुल परिवार. लगेच खाली युवराजची नोंद होती: ‘चला, एकदाची कटकट संपली.’ तिला अंगठ्यांची लांबलचक रांग लागली होती. युवराजने ते समासाच्या वादाबद्दल लिहिले होते.

हितेंद्रने आपला फोन शेजारी ठेवला. त्यात युवराज होता, अंगठे होते. आबा नव्हते.

“आणि हा तुझा,” प्रेमराज म्हणाला. त्याच संध्याकाळी हितेंद्रने त्याला खासगी संदेश पाठवला होता: ‘कसं वाटतंय मग, भाऊ?’ पुढे एक हसरा चेहरा.

“आबाला नुकतंच नेऊन आलो होतो,” प्रेमराज म्हणाला. “म्हटलं, हा माणूस हसत हसत कसं विचारू शकतो? मग म्हटलं, टॅबवाला शे, इचारू शकस.”

दोघांपैकी कोणी हसले नाही. हितेंद्रने कट्ट्याचा व्यवस्थापकाचा कप्पा उघडला. अडवलेल्या नोंदींत एकच नोंद होती.

“तुझी नोंद अडवली, असं मला कळलं होतं,” तो म्हणाला. “मला वाटलं, तू मुद्दाम रिकाम्या जागा देऊन खोडी काढतोयस. म्हणून तो मेसेज केला.”

“वाचली नाहीस?”

“उघडलीच नाही.”

प्रेमराजने सारिकाला चहा ठेवायला सांगितले आणि म्हणाला, “आता नीट सांग. काय झालं ते.”

झाले होते ते असे. मतदानानंतर हितेंद्रने कट्ट्यावर एक छोटा प्रोग्राम बसवला होता. ज्या नोंदीतल्या ओळी रिकाम्या जागांनी सुरू होत, ती नोंद तो अडवत असे. ओळी प्रोग्रामच्या आहेत की माणसाच्या, हे पाहण्याची तरतूद त्यात नव्हती. छापील शोकपत्रिकेत असते तसे वडिलांचे नाव मधोमध यावे, म्हणून प्रेमराजने प्रत्येक ओळीआधी रिकाम्या जागा दिल्या होत्या. अडवलेली नोंद इतर कोणाला दिसत नसे. लिहिणाऱ्याला मात्र ती जागच्या जागी दिसत राही, म्हणजे चारचौघांत त्याचा अपमान होऊ नये. ही सोय हितेंद्रने प्रेमराजचा विचार करून ठेवली होती.