कलम सदतीस

नानांनी दाढीला साबण लावला आणि सकाळपासूनचा तिसरा फोन वाजला.

"हॅलो, मिक्सरवाले का? लाल दिवा लागलाय आणि मिक्सर फिरतच नाहीये."

"भांडं नीट बसलेलं नाही. काढा आणि खटका ऐकू येईपर्यंत उजवीकडे फिरवा."

"अरे वा, झाला सुरू! आभारी आहे हं."

"थांबा, थांबा! कागदावरचं सदतिसावं कलम वाचलंत का तुम्ही?"

"छे हो. नुसता नंबर दिसला, म्हणून लावला."

फोन बंद झाला. नानांनी आरशात पाहिलं, तर अर्ध्या गालावरचा साबण वाळून गेला होता. त्यांनी पुन्हा साबण लावायला घेतला आणि चौथा फोन वाजला.

खरं तर नाना मिक्सरवाले नव्हते, की गीझरवालेही नव्हते. ते भाषांतरकार होते. ज्या यंत्रात सॉफ्टवेअर आहे, त्या प्रत्येक यंत्राच्या खोक्यात अटींचा कागद ग्राहकाच्या भाषेत असलाच पाहिजे, असा ग्राहक खात्याचा नियम होता. हे कागद एका कचेरीत तयार होत आणि अकरा वर्षं ते काम एकटे नाना करत होते. त्यांची भाषा अशी भरजरी, की कुकरच्या शिट्टीलाही ते 'बाष्पनिःसारणसूचक ध्वनी' म्हणत. कचेरीत कोणी तारीफ केली की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढे.

या धंद्यात राहून तंत्रज्ञानाविषयी नानांची मतं मात्र कडक झाली होती. जेवताना कोणी नवीन यंत्राचं नाव काढलं की ते हातातला घास खाली ठेवत. "कुकर तुमचा, पण त्यातली अक्कल कंपनीची! ती तुम्हाला विकलेली नाही, नुसती वापरायला दिलीय. उद्या कंपनीनं ती काढून घेतली, तर करा नुसतं भांडं घासत! हे सगळं त्या कागदात लिहिलंय. मीच लिहिलंय. पण लोक डोळे मिटून 'मान्य आहे' दाबतात."

"आपल्या कुकरला मुळात अक्कलच नाही, म्हणून वीस वर्षं टिकलाय," बायको म्हणायची. "आणि तुमचा तो कागद वाचतं कोण? लोक खोक्यातून काढतात आणि डगमगणाऱ्या टेबलाखाली घालतात."

हे मात्र नानांच्या जिव्हारी लागलं. कोणी तरी वाचतंच, हे सिद्ध करायला त्यांनी स्वयंचलित कुकरच्या एकसष्ट कलमांत मधेच एक आपलं कलम घुसडलं. कलम सदतीस: 'प्रस्तुत कलमाचे साद्यंत अवलोकन करणाऱ्या उपभोक्त्याने अधोनिर्दिष्ट क्रमांकावर संपर्क साधल्यास त्याचे उष्णपेयाद्वारे यथोचित आदरातिथ्य करण्यात येईल.' म्हणजे, वाचलंत तर फोन करा, चहा पाजतो. खाली स्वतःचा नंबर.

छपाईच्या आधी कोणी तरी पकडेल, आपण हसत हसत काढून टाकू, असा त्यांचा बेत होता. कचेरीतल्या साहेबांनी सही केली. कंपनीच्या वकिलांनी शिक्का मारला. ग्राहक खात्याच्या निरीक्षकांनी तर 'भाषा उत्तम' असा शेरा दिला. आता 'अहो, ते कलम खोटं आहे' असं सांगायचं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. नाना गप्प बसले. कागद छापला गेला.

चार महिने एकही फोन आला नाही. नाना रोज संध्याकाळी फोन चार्ज करून समोर ठेवायचे आणि बायको काही न बोलता भाजी निवडायची. ती एकदा हसली असती तरी त्यांना बरं वाटलं असतं.

मग एका मिक्सरवाल्या कंपनीनं मंजूर झालेला कागद जसाच्या तसा उचलला, कारण मंजूर मजकुराला पुन्हा मंजुरी लवकर मिळते. तिचं बघून गीझरवाल्यांनी उचलला. शेवटी खात्यानं तो 'आदर्श मसुदा' म्हणून जाहीर केला आणि कानामात्रेचाही फरक न करता सर्वांनी छापावा, असं परिपत्रक काढलं. पंख्याच्या खोक्यातही वाफेपासून सावध राहण्याची सूचना आली. त्याच सुमारास कंपन्यांनी मदतीला बसवलेली माणसं काढून बोलणारी यंत्रं बसवली. यंत्राशी बोलून हैराण झालेली माणसं कागद चाळायची आणि साऱ्या कागदात त्यांना दहा आकड्यांचा एकच नंबर सापडायचा. अक्षरं कोणी वाचत नव्हतं, आकडे मात्र सगळ्यांना दिसत होते.

दिवसाला चाळीस फोन यायला लागले तेव्हा नानांनी हात टेकले आणि ते निरीक्षकांकडे गेले.

"सदतिसावं कलम काढायचंय? का?" निरीक्षकांनी मसुदा उघडला आणि पहिल्यांदाच ते मोठ्यानं वाचलं. "उष्णपेय... हे गीझरबद्दल असणार. नाही नाही, सुरक्षेचं कलम आहे, काढता येणार नाही."

"साहेब, पण समजा ते चुकून पडलं असेल तर?"

"चुकून? मी स्वतः तपासलंय!"

नाना मसुदा काखेत मारून परत आले.

त्याच आठवड्यात तो फोन आला. बाईचा आवाज होता, हळू आणि जरा घाबरलेला. "साहेब, कुकरच्या कागदावर तुमचा नंबर आहे. मी शिवणकाम करते. ते सदतीस नंबरचं वाचलं, पण त्यात काय करायला सांगितलंय ते कळलं नाही. काही भरून द्यायचं राहिलंय का माझं?"

नाना खुर्चीतून उठलेच. "ताई, तुम्ही वाचलंत? सदतिसावं?"

"एकसष्टच्या एकसष्ट वाचलीत. आठ दिवस लागले."

नानांनी फोनवर हात ठेवून आत हाक मारली, "अगं, वाचलं! एका बाईंनी सगळं वाचलं!" आणि पत्ता घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले. चहा पाजायचा होता. अकरा वर्षांत पहिल्यांदाच वाचणारं माणूस भेटलं होतं.

खोली लहान होती. खिडकीशी शिलाई मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला फ्रॉक. बाईंनी दार उघडलं ते डाव्या हातानं. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता.

"बसा ना साहेब. वाफ आली हो अंगावर. कुकर उघडताना."

नाना बसले. "पण ताई, एकोणिसाव्या कलमात तर..."

"वाचलं होतं की! कुकरसमोर उभं राहून तीनदा वाचलं." बाईंनी टेबलावरचा कागद ओढला आणि डाव्या हाताचं बोट अक्षरांखाली ठेवून सावकाश वाचायला लागल्या. "उपकरणांतर्गत... बाष्पभाराचे... निःशेष... निःसारण..." नानांना ते वाक्य पाठ होतं. या वाक्यावर त्यांनी दोन दिवस घालवले होते. 'निःशेष निःसारण' सुचलं तेव्हा त्यांनी स्वतःशीच टाळी दिली होती. आता ते बोट एकेका शब्दाशी अडखळत पुढे सरकत होतं आणि नानांना वाटत होतं, संपावं हे एकदाचं.

"शेवटाला येईस्तोवर सुरुवात विसरायला होतं," बाई म्हणाल्या. "वाटलं, झाकण उघडा असंच म्हणतायत. माझीच चूक. पन्नाशीत वाचायला शिकले ना मी. तेव्हापासून समोर येईल ते सगळं वाचते, सोडत नाही काही. पण शिकलेल्या माणसाला कळलं असतं."

'ताई, नसतं कळलं,' हे नानांच्या अगदी जिभेवर आलं होतं. 'ते वाक्य माझं आहे,' हेही आलं होतं. पण बाई तोवर उठल्या आणि त्यांनी एका हातानं चहा टाकला. नानांनी हॉटेलात चला म्हणून पाहिलं, पण त्या ऐकेनात. एवढ्या लांबून कंपनीचा माणूस आपली चौकशी करायला आला, याचंच त्यांना अप्रूप वाटत होतं. नानांनी तो चहा प्यायला आणि ते ब्र न काढता घरी आले. त्याची लाज त्यांना पुढे कायम वाटत राहिली.

बायकोनं दारातच विचारलं, "काय, पाजलात चहा?"

"तिनंच पाजला," नाना म्हणाले आणि कपडेही न बदलता लिहायला बसले. अकरा वर्षांत लागला नाही एवढा वेळ त्यांना त्या एका ओळीला लागला: 'वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडू नका. हात भाजेल.'

निरीक्षकांनी ती ओळ वाचून नाक मुरडलं. "ही काय कायद्याची भाषा झाली? हे तर कोणालाही कळेल!"

"म्हणूनच आणलंय साहेब."

"मसुद्यात नाही बसणार. हां, झाकणावर चिठ्ठी चिकटवायची असेल तर चिकटवा. चिठ्ठीवर काय लिहावं याचा नियमच नाही आमच्याकडे."

नानांनी महिनाभर साहेबांच्या आणि कंपनीच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी चिठ्ठ्या छापल्या गेल्या. पहिली चिठ्ठी हातात पडली तशी त्यांनी बाईंना फोन लावला आणि वाचून दाखवली.

"अय्या, कळलं की! एका दमात कळलं. म्हणजे लिहिणारा माणूस बदललात?"

"हो ताई. बदलला."

"माझ्यामुळे नाही ना? हात बरा आहे आता, कालपासून शिवायला घेतलंय. पण बिचाऱ्यानं किती मेहनतीनं लिहिलं होतं हो, एवढाले शब्द! त्याला वाटत असेल, कोणी वाचलंच नाही." बाई घुटमळल्या. "भेटला तर सांगाल त्याला? म्हणावं, एका बाईनं सगळं वाचलं होतं. शेवटपर्यंत."

"सांगतो," नाना म्हणाले.