लढाऊ विमानाचा पाट

शत्रूला गाफील ठेवायचं असेल तर आधी स्वतः गाफील राहावं लागतं, हे युद्धशास्त्रातलं फार जुनं तत्त्व आहे. आपलं नवं लढाऊ विमान कधी येणार हे आपल्यालाच ठाऊक नसेल, तर शत्रूच्या हेराने कितीही डोकं आपटलं तरी त्याला ते कळणार कुठून? राष्ट्रीय गगनसामग्री आधुनिकीकरण मंडळाने हे तत्त्व गेली सत्तावीस वर्षं निष्ठेने पाळलं आहे. एवढ्या काळात विमान येण्याची तारीख एकदाही फुटली नाही. (तारीख ठरलीच नव्हती, हा आक्षेप तांत्रिक स्वरूपाचा आहे.)

पेणचा मूर्तिकार गुणाजी म्हात्रे याला मंडळाची सगळी प्रगती तोंडपाठ होती, कारण ती त्याच्या लेकीच्या वयाबरोबर चालली होती. मनालीचं बारसं झालं त्या वर्षी 'परदेशातून नवी विमानं घ्यावी लागतील' ही गरज तत्त्वतः मान्य झाली. ती बालवाडीत जाऊ लागली तेव्हा तत्त्वतः या शब्दाचा अर्थ ठरवायला समिती नेमली गेली. ती दहावीला बसली तोवर निवडलेलं विमान निवड चालू असतानाच जुनं होऊन गेलं, म्हणून निवड रद्द करून नव्याने सुरू झाली. यालाच आधुनिकीकरणाचं आधुनिकीकरण म्हणतात. या कामासाठी मंडळाने परदेशाचे चौदा दौरे केले, त्यांतले बारा तिकडच्या उन्हाळ्यात, कारण हवाई दल हा हवेचा विषय आहे आणि हवेचा अभ्यास हवा बरी असतानाच होतो.

शेवटी मनाली हवाई दलात पायलट झाली त्या महिन्यात परदेशी कंपनीशी करार झाला. नऊशे पानांचा. गुणाजीने कारखान्यात पेढे वाटले. त्याला वाटलं, पोरगी आता नव्या विमानात बसणार.

त्यालाही आता चार वर्षं झाली होती. पोरगी बसत होती ते विमान दलात आलं तेव्हा गुणाजी चौथीत होता. तो त्याला 'गाडी' म्हणायचा. दर रविवारी गडबच्या घरून फोन लावायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला.

"गाडी कशी हाय गो?"

"बरी हाय, बाबा. उडते."

"आनि उतरते?"

"उतरते पन."

आषाढातल्या एका रविवारी मात्र मनालीचं उत्तर वेगळं आलं. "आई जवळ हाय काय?" तिने विचारलं. अनिता मागच्या दारी भांडी घासत होती. "नाय," गुणाजी म्हणाला. मग मनालीने सांगितलं, की मंगळवारी इंजिन हवेत बंद पडलं होतं.

"किती येळ?"

"अकरा सेकंद."

"मग?"

"मग चालू झालं."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गुणाजी एका मूर्तीची आखणी करत होता. आखणी म्हणजे डोळे काढणं. पेणमध्ये हे काम सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत स्थिर हाताचा माणूस करतो. कुंचली हातात धरून त्याने मनातल्या मनात अकरापर्यंत मोजलं. सात झाल्यावरच त्याला घाम फुटला. त्या दिवशी त्याने एकही डोळा काढला नाही.

आणि नेमके त्याच आठवड्यात, घरच्या गणपतीची मूर्ती सांगायला निकेश साहेब त्याच्या दारात आले. साहेब मूळचे रोह्याचे, पण बढत्या घेत घेत इतके वर गेलेले की गावच्या रीती त्यांना दिसेनाशा झाल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी मूर्तीची उंची सांगितली आणि पावती मागितली.

"पाट कुठाय?" गुणाजीने विचारलं.

"कसला पाट?"

गुणाजीने कीव केली आणि समजावलं. घरचा पाट आणून मूर्तिकाराकडे ठेवायचा. खाली खडूने घराण्याचं नाव, वर सुपारी आणि नारळ. त्याच पाटावर मूर्ती बसवून घरी न्यायची. पाट आला म्हणजे शब्द दिला, पावतीबिवती काही लागत नाही. आणि एकदा ठेवलेला पाट रिकामा परत न्यायचा नाही, ते अशुभ.

"आणि चतुर्थीपर्यंत मूर्ती नाही झाली तर? मुदतवाढ किती घेता?"

गुणाजीला प्रश्नच कळला नाही. "साहेब, चतुर्थी पुढं जाते काय?"

साहेब मटकन खुर्चीत बसले. ठरलेल्या दिवशी ठरलेली वस्तू देणारी संस्था त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. भारावून जाऊन त्यांनी स्वतःची ओळख सांगितली: उपसंचालक, प्रतीक्षा शाखा, राष्ट्रीय गगनसामग्री आधुनिकीकरण मंडळ.

गुणाजीने कुंचली खाली ठेवली. "म्हंजे माज्या पोरीचं विमान तुमच्याकडं अडकलंय!"

"आमच्याकडे नाही. कंपनीकडे."

"त्या कंपनीकडं पाट ठेवलाव?"

"करार ठेवलाय. नऊशे पानांचा."

"हात्तिच्या!" गुणाजी म्हणाला. घोडं कुठे पेंड खातंय ते त्याला तत्काळ दिसलं. "अवो, कागद कपाटात जातो. पाट डोळ्यापुढं ऱ्हातो. येता-जाता बगावा लागतो. रिकामा पाट बगून मानसाला लाज वाटते, साहेब. मी नाय सांगत, आमचा धंदा सांगतो."

सत्तावीस वर्षांत मंडळापुढे इतका स्वच्छ विचार कोणी मांडला नव्हता. शिवाय साहेबांच्या वार्षिक अहवालात 'नवीन उपक्रम' हा रकाना तिसऱ्या वर्षीही कोरा होता.

गुणाजीने फणसाच्या लाकडाचा पाट करून घेतला. खाली खडूने स्वच्छ लिहिलं, 'मनाली गुणाजी म्हात्रे, मु. गडब, ता. पेण.' वर सुपारी-नारळ ठेवून हात जोडले. अनिताने कारण विचारलं तर म्हणाला, "सरकारी ऑर्डर हाय." (हे खरंच होतं.) पाट सरकारी टपालाने परदेशी कंपनीकडे गेला. नारळाचा वाटेत कुठेतरी प्रसाद झाला, पण पाट सुखरूप पोचला.

कंपनीचं उत्तर श्रावणात आलं. मंडळाच्या इतिहासात इतकं तातडीचं उत्तर पहिलंच. त्यातला मतलब असा: 'आपण पाठवलेला घटक (लाकडी, चौकोनी, तळाशी गुप्त सांकेतिक मजकूर) मिळाला. करारातल्या कलम दोनशे बारानुसार ग्राहकाने पुरवलेला प्रत्येक घटक विमानात बसवून देणं आमच्यावर बंधनकारक आहे. सदर घटक ध्वनीच्या दीडपट वेगाला टिकत नाही, असं प्राथमिक चाचणीत दिसलं. त्याच्यासाठी विमानाची रचना बदलावी लागेल. वाढीव मुदत सहा वर्षं.'

एखादं लेचंपेचं मंडळ अशा वेळी हादरलं असतं. या मंडळात आनंदाची लाट आली. एक तर विलंबाला आजवर नुसती सबब होती, आता लेखी कारण मिळालं. दुसरं म्हणजे, परदेशी विमानात स्वदेशी भाग किती, हा संसदेतला खवचट प्रश्न कायमचा निकालात निघाला. आधी शून्य भाग होते, आता एक झाला. शून्यावरून एक म्हणजे किती टक्के वाढ, हे गणितात बसेना, तेव्हा अहवालात 'अमर्याद' असं लिहिण्यात आलं.

बातमी पेपरात आली तेव्हा गुणाजी कासूच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत होता. शेजारच्या माणसाच्या हातातला पेपर त्याने जवळजवळ हिसकावूनच घेतला. सहा वर्षं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिथूनच त्याने साहेबांना फोन लावला.

"साहेब, पाट परत मागवा. आजच्या आज!"

"अहो, असं कसं?" साहेब जिव्हाळ्याने म्हणाले. "पाट रिकामा परत आणायचा नाही, हे तुम्हीच तर शिकवलंत. मी तसं टिपणीत घेतलंय, वरपर्यंत मंजूर झालंय."

"चुकलं माजं! रद्द करा!"

"रद्द करायला कराराची दुरुस्ती लागेल. त्याला आठ वर्षं. बसवायला सहाच. म्हणजे तुमच्या पाटामुळे देशाची दोन वर्षं वाचली, गुणाजीराव."

घरी अनिताने पेपर आधीच वाचला होता. सहा वर्षांचं कळलं, आणि नवऱ्याला इतकी घाई कशाची होती तेही तिने खोदून खोदून काढून घेतलं. "बाप हाव तुमी, का दुश्मन?" ती ओरडली. "पोरीची गाडी वर बंद पडते, नि तुमी पाट पाठवताव?" मग ती चुलीपुढे बसून रडली. गुणाजीला स्वतःलाही तेच वाटत होतं.

गणपतीला मनाली चार दिवसांच्या रजेवर आली. पाटाची हकिकत ऐकून आधी ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "सहा वर्षं तर सहा वर्षं. तोवर हीच चालवू. माझ्या मागनं दोघी पोरी आल्यात, त्यांना सगळ्यांत जुनी दिलीय. माझी त्यातल्या त्यात बरी हाय."

दरम्यान मंडळाने गुणाजीचा सत्कार ठरवला होता. 'संरक्षण उत्पादनातील पहिला पारंपरिक कारागीर' म्हणून. पेणच्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्र झालं. मनालीला गणवेशात पहिल्या रांगेत बसवलं होतं, शेजारी अनिता. निकेश साहेबांनी दोन शब्दांसाठी माईक गुणाजीच्या हातात दिला.

गुणाजीला भाषण येत नव्हतं. त्याने शाल काढून टेबलावर ठेवली. "मला ह्ये काय नको," तो म्हणाला. "माज्या पोरीचं विमान हवेत बंद पडतंय. तिला नवं विमान द्या. पाटाशिवाय द्या. मी हात जोडतो, तेवडं द्या."

मग मागून कोणीतरी 'भारतमाता की' म्हणून आरोळी दिली आणि जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो अडीच मिनिटं थांबला नाही. लोक उभे राहिले. कित्येकांनी डोळे पुसले. लेक मरणाच्या दारात असूनही बाप शाल नाकारतो, याला म्हणतात त्याग, असं अध्यक्ष म्हणाले. गुणाजी माईकमध्ये अजून काहीतरी सांगत होता, पण ते टाळ्यांत कोणाला ऐकू आलं नाही. दोनशे जणांनी मनालीबरोबर फोटो काढले. विमान कधी येणार, हे एकानेही विचारलं नाही. (असल्या शुभप्रसंगी विचारणं बरंही दिसत नाही.)

अनंत चतुर्दशीच्या आधीच मनाली ड्यूटीवर गेली. ती आठवड्यातून तीनदा उडते.

हे सगळं प्रकरण मंडळाने 'विनोदी' या वर्गात घातलं आहे. निकष सोपा आहे. वाचणाऱ्याचं स्वतःचं माणूस त्या विमानात बसत असेल तर प्रकरण गंभीर, नसेल तर विनोदी. गडबची अनिता पहिल्या गटात मोडते. मनालीचा 'उतरले' एवढा एक शब्द फोनवर येईपर्यंत ती चूल पेटवत नाही. मंडळाच्या पाहणीप्रमाणे बाकी सारे वाचक दुसऱ्या गटात येतात. आपण इथवर हसत आलात, याची मंडळाने रीतसर नोंद घेतली असून ती विमानाच्या फायलीत 'जनतेची हरकत नाही' या सदराखाली लावण्यात आली आहे.