अर्ध्या शटरची गॅलरी

"तू ये तर खरा! आज गॅलरीत पाय ठेवायला जागा मिळाली, तर कन्हैयालाल नाव लावणार नाही!" असं मुलाला ठणकावून सांगून शेठनी फोन ठेवला आणि बंदच करून टाकला. माणूस एकदा असं बोलून बसला की पुढचं त्याला ऐकायचं नसतं, दुसरं काय!

आता तुम्ही म्हणाल, जळगावच्या बाजारात, बारदानवाला आणि पाइपवाला यांच्या मधोमध, जुन्या चिनी कलावस्तूंची गॅलरी? बाजारालाही हा प्रश्न कायमचाच पडलेला. शेठचे वडील कलकत्त्याला तागाच्या धंद्यात होते. तिथे एका चिनी व्यापाऱ्याचं दुकान त्यांनी सामानासकट विकत घेतलं, आणि हे वेड घरात शिरलं ते शिरलंच. धंदा वाईट नव्हता बरं का! मुलगा अमन पुण्यात बसून संगणकावर फोटो टाकायचा, गिऱ्हाईक मुंबई-दिल्लीचं, सगळा व्यवहार फोनवर. उंबरा ओलांडणारा माणूस एकच, कुरिअरवाला. बायको, प्रेमकुंवरबाई, होत्या तोवर बोलायला कुणी होतं. त्या गेल्या आणि शेठ सुरयांशी बोलायला लागले.

म्हणून अमनचं टुमणं, माल पुण्याला हलवायचा आणि पप्पांनीही तिथे त्याच्या बाराव्या मजल्यावर राहायला यायचं. "तिथे येतं कोण तुमच्याकडे?" असं तो म्हणाला, ते शेठच्या फार मनाला लागलं. खरं होतं ना ते! आज तो आवराआवर करायलाच येणार होता.

पण नवा घोडा आला होता! तांग राजवटीतला, मातीचा, तेराशे वर्षांपूर्वी कुण्या सरदाराच्या थडग्यात पुरलेला, अंगावरचा लाल रंग अजून शाबूत. तो बघायला या म्हणून शेठ दुकानोदुकानी फिरले. सगळे म्हणाले, "येतो की शेठ!" आपल्याकडे माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, आणि येतही नाही.

शेठनी तयारी मात्र झकास केली. खुर्चीचा धक्का लागून काही फुटायला नको, म्हणून खुर्च्या काढून जमिनीवर पांढऱ्याशुभ्र चादरी अंथरल्या. मधल्या बुटक्या टेबलावर घोडा ठेवला आणि सगळ्यांसमोर उघडायचा म्हणून त्यावर पांढरं कापड टाकलं. कचोऱ्या आणल्या, मठ्ठा केला. दोन वाजले, कुणी नाही. मे महिन्याचं ऊन सरकत सरकत घोड्यापाशी आलं. उन्हाने रंग उडेल म्हणून शेठनी शटर अर्धं खाली ओढलं आणि पांढऱ्या सदऱ्यात भिंतीला टेकून, तोंड पाडून बसले.

भरदुपारी अर्धं शटर, आत पांढऱ्या चादरी आणि तोंड पाडून बसलेला मालक! बाजारातलं शेंबडं पोर सांगेल याचा अर्थ काय ते. एकट्या शेठच्या डोक्यात आलं नाही.

समोरचा बारदानवाला तोताराम वाकून आत आला आणि हात जोडून खाली बसला. शेठना केवढा आनंद!

"शेठ, धीर धरा," तोताराम म्हणाला. "बठ्ठासले जानंच शे."

"सगळ्यांना जायचंय ते खरं, पण एवढ्यात कुठे जाता? बसा!"

मग पाइपवाला हेमराज आला. त्याच्या मागे अख्खी गल्ली! कापडवाले, किराणावाले, त्यांच्या बायका. कुणी बोलेना, कचोरीला हात लावेना. टेबलावरची एवढीशी झाकलेली आकृती बघून बायकांनी तोंडाला पदर लावले. कोण गेलं हे कुणालाच माहीत नव्हतं, पण असं विचारायचं कसं? शेजारच्याला माहीत असेल, असं धरून जो तो मान हलवत होता. आणि शेठना वाटत होतं, केवढी ही कलेची कदर!

हेमराजने शेठचा हात हातात घेतला. "कधी झालं?"

"काल आला. नाशिकहून गाडीने, खोक्यात घालून."

"अरे देवा! फार हाल झाले का?"

"एक कान गेलाय. बाकी अंग धडधाकट!"

हेमराजला हुंदका फुटला. शेठचेही डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत कुणी त्यांचा हात असा धरला नव्हता.

संध्याकाळ व्हायला आली, तेव्हा बाहेर रिक्षा थांबली. धुळ्याच्या देवपुरातली शेठची भाची डिंपल! शटर अर्धं आहे एवढंच हेमराजने तिला कळवलं होतं. मामांचा फोन बंद, म्हणजे मामाच गेले, असं बाकीचं तिचं तिनेच ठरवलं.

"मामाऽऽ!" करत तिने टेबलावर झेप घेतली. कापड निसटलं. आतून लालभडक घोडा! शेठनी झडप घालून तो छातीशी धरला म्हणून वाचला.

"आन् मयत कोठे शे?" तोताराम म्हणाला.

"कसली मयत?" शेठ म्हणाले.

डिंपलने वर पाहिलं. मामा धडधडीत जिवंत! तिने पर्सनेच बडवलं त्यांना. "फोन बंद ठेवता? फोन बंद?"

सगळा उलगडा झाला. कुणी हसलं, कुणी चिडलं, आणि माणसं भराभर उठायला लागली.

"अहो, थांबा! अमन येईपर्यंत तरी बसा!"

"अरे, पण बसायचं कुणासाठी?" हेमराज वैतागला.

"या घोड्याच्या मालकासाठी बसा. सरदार होता बिचारा, कुणी विचारत नसेल त्याला." शेठनी घोडा टेबलावर ठेवला. "खरं सांगू? माझ्यासाठी बसा. दिवसभर एकटा असतो रे मी इथे."

उठलेली माणसं थबकली. मग तोतारामने बसकण मारली, ताटातली कचोरी उचलली आणि ओरडला, "बसा रे बठ्ठा!"

अमन आला तो शटर बघूनच सटपटला. "पप्पा!" म्हणत आत धावला आणि शटरवर कपाळ आपटून घेतलं. सगळं कळल्यावर टेंगूळ चोळत म्हणाला, "म्हणजे ही गर्दी घोड्यासाठी नव्हतीच! कुणीतरी गेलं म्हणून आली!"

"पण आली ना!" शेठ म्हणाले. "तुझ्या बाराव्या मजल्यावर किती आली असती?"

अमनने जमलेल्या गल्लीकडे एकदा नीट पाहिलं. शेवटी म्हणाला, "राहू द्या इथेच."

शेठना आभाळ ठेंगणं झालं! माणसं निघाली तसे ते हात जोडून दारात उभे राहिले आणि आनंदाच्या भरात ओरडले, "परत या हं! अशीच गर्दी करा! लवकर या!"

दुखवट्याला आलेल्या माणसांना असं कुणी म्हणतं का? गल्लीचे चेहरे पांढरे पडले. बायकांनी पोरं उचलली, पुरुषांनी मिळेल ती चप्पल पायात सरकवली. "शेठ, आसं बोलतस का!" म्हणत तोतारामही पळाला. क्षणात दारात चिटपाखरू उरलं नाही.

शेठ कितीतरी वेळ रिकाम्या गल्लीकडे बघत राहिले. मग पायरीवर त्यांना तोतारामची एक चप्पल दिसली. त्यांनी ती उचलली, पुसली आणि आत नेऊन ठेवली.

"चप्पल न्यायला तरी येईल!" ते अमनला म्हणाले.