दामूच्या मनात काय आहे?

शुक्रवारी दुसऱ्या तासाला दहावी ‘अ’च्या फळ्यावर त्रिकोणमिती असायची. त्या शुक्रवारी तिथे मतमोजणी होती. ‘दामूचं कुंदावर प्रेम आहे – एकेचाळीस. नाही – दोन.’ खाली कुणीतरी ‘त्या दोघांना वर्गाबाहेर काढा’ असंही लिहून ठेवलं होतं.

सोमनाथ सरांनी डस्टर उचललं, फळ्याकडे पाहिलं आणि हात तसाच राहिला.

“हा दामू कोण?” त्यांनी जमेल तेवढ्या कोरड्या आवाजात विचारलं.

आता, दामू कोण हे साऱ्या ओतूरमध्ये कुणाला नेमकं ठाऊक असेल, तर ते सोमनाथ सरांनाच. दामूचे सुपाएवढे कान त्यांनीच काढले होते. पण हे वर्गाला कसं कळावं? पहिल्या बाकावरची प्रांजल उठली आणि तिने अडाण्याला समजावून सांगावं तसं सांगितलं.

“सर, मोबाईलवर चित्रकथा येते. ‘नववी क’. दर शुक्रवारी. कोण काढतं कुणालाच म्हाईत नाय. त्यात दामू रोज शाळा सुटली की कुंदाच्या मागं दोन पावलं चालत तिच्या वस्तीपर्यंत जातो. एक शब्द बोलत नाय. आता हे प्रेम नाय तर काय हाय?”

“उसात बिबट्या असेल,” सर म्हणाले. “कुंदाच्या काठीला घुंगरं आहेत. आवाज झाला की जनावर बाजूला होतं. म्हणून जात असेल मागे मागे. भित्रा असेल पोरगा.”

वर्ग खो खो हसला. प्रांजल मात्र हसली नाही. तिला सरांची दया आली. “सर,” ती मायेने म्हणाली, “तुमी आपलं साईन थीटा घ्या.”

भानगड अशी होती. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शिकवण्यासाठी सरांनी टॅब घेतला होता. त्याच्यावर वर्तुळं काढता काढता एका वर्तुळाला एक दिवस कान फुटले, मग दप्तर आलं, मग अख्खी शाळा उभी राहिली. सरांनी गंमत म्हणून ती निनावी टाकून दिली आणि बघता बघता चौदा हजार लोक ती वाचायला लागले. ज्याच्या नुसत्या खाकरण्याने व्हरांडा रिकामा होतो, त्याने ‘ती मीच काढतो हो’ असं कुठल्या तोंडाने सांगायचं? घरी ते “पेपर काढतोय” म्हणायचे.

पण खरी अडचण निराळीच होती. दामू म्हणजे स्वतः सोमनाथ आणि कुंदा म्हणजे त्यांची बायको निर्मला. दोघं एकाच वर्गात होती. सन दोन हजार एकचं ते साल, बिबट्याने तालुक्यात नुसता उच्छाद मांडला होता. निर्मलाच्या वडिलांची मेंढरं होती, त्यांची घुंगरांची काठी घेऊन ती शाळेत यायची. तिच्यामागे चाललं तर आपण वाचू, एवढा एकच हिशेब त्या वेळी सोमनाथच्या डोक्यात होता. पुढे सोयरीक जुळली, लग्न झालं आणि निर्मला प्रत्येक हळदीला बायकांमध्ये बसून सांगायला लागली, “ह्ये साळंपासनंच माझ्या मागं व्हते. एक दिवस खाडा न्हाई!” बायका चेकाळायच्या, आणि हे भले गृहस्थ शेजारी बसून लाजल्यासारखं करायचे.

एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापणारा माणूस सोळा वर्षं एका चुकीच्या उत्तरावर संसार करत होता. ते त्यांना आतून खायचं. सांगावं तर बायकोचं मन मोडेल, न सांगावं तर आपण लबाड. म्हणून त्यांनी ठरवलं की खरं काय ते दामूच्या तोंडून हळूच बाहेर काढायचं. कुंदाला कळलं म्हणजे निर्मलाला सांगितल्यासारखंच झालं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी घरी आले तर निर्मला शिलाई मशीन सोडून मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली.

“अवो, ह्ये बगा! कोण तरी आपलंच चित्र काढतंय! ही कुंदा म्हंजी मीच की. माझी तुटकी चप्पलसुदिक हाय हिच्यात.”

सरांनी पायातली चप्पल कोपऱ्यात सारली. “असेल योगायोग.”

“कसला योगायोग? ह्ये भिकाचं काम हाय. आपल्या वर्गातला भिका न्हाई का, मागच्या बाकावर चित्रं काढायचा? आता बेल्ह्याच्या बाजारात बैलं आनतो-नेतो.” ती मोबाईलकडे बघून हसली. “केवडं बारीक लक्ष व्हतं वो त्याचं माझ्याकडं! मला तवा पत्ताच न्हाई.”

चार वर्षं बोटं झिजवून काढलं सरांनी, आणि बारीक लक्ष भिकाचं!

दोन दिवस धुमसून शेवटी त्यांनी वाचकांच्या टेलिग्राम गटात ‘बीजगणित’ या नावाने शिरकाव केला आणि मुद्देसूद लिहिलं – ‘दामूच्या वागण्यामागे केवळ बिबट्याची भीती आहे.’ मधमाश्यांच्या पोळ्याला दगड लागला. कुणी लिहिलं, ‘काका, तुम्हाला कॉमिक कळत नाही.’ कुणी लिहिलं, ‘याला आयुष्यात कुणी बघितलं नसणार.’ सरांनी हट्टाने पुरावे द्यायला घेतले तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटली – ‘निर्मला टेलर्स यांनी तुम्हाला गटातून काढून टाकले आहे.’

सरांनी मान वर केली. समोर चार हातांवर निर्मला मोबाईल ठेवून ब्लाउजला काज करत होती.

“काय झालं गं?” त्यांनी साळसूदपणे विचारलं.

“काय न्हाई. एक येडं घुसलं व्हतं ग्रुपमधी. म्हनं दामू भित्रा हाय. दिलं हाकलून. कालच मला अ‍ॅडमिन केलंय तिथं.”

आता मात्र सर इरेला पेटले. पुढच्या शुक्रवारी त्यांनी आठ चौकटींचा भाग टाकला. शेवटच्या चौकटीत दामू आयुष्यात पहिल्यांदा बोलला – ‘कुंदे, मला बिबट्याचं भ्या वाटतं. तुझ्या काठीला घुंगरं हायेत, म्हणून येतो.’

दुपारपर्यंत सातशे लोकांनी हंबरडा फोडला. बाकीच्यांनी निकाल दिला की दामू खोटं बोलतो आहे, लाजतो आहे, आणि लाजणं हाच प्रेमाचा पुरावा. प्रांजलने तर मधल्या सुट्टीत सरांना गाठून सांगितलं, “सर, कॉमिकवाल्याला स्वतःलाच दामू समजला नाय बघा.” सरांनी “हं” म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण घरी आले तेव्हा मशीन बंद होतं. निर्मला खिडकीशी बसली होती. डोळे लाल.

“मी उद्या सकाळच्या गाडीनं बेल्ह्याला चाललेय,” ती म्हणाली. “त्या भिकाला इचारते, दुसऱ्याच्या मनातलं असं वंगाळ लिवायला तुला काय म्हाईत? वाटंनं जाणाऱ्या मानसाचं तू काळीज उघडून बगितलं व्हतंस का?” आणि मग एकदम बारीक आवाजात, “तुमीच सांगा. असलं काय नव्हतं ना?”

सोमनाथ सरांना वाटलं, खोटं बोलावं. एक शब्द तर बोलायचा होता. पण तिचे डोळे पाहिले आणि जीभ वळेना.

“भिकाकडे जाऊ नकोस,” ते म्हणाले. “मीच काढतो ते. आणि दामू बोलला ते खरं आहे. मी भ्यायचो. फार भ्यायचो. तुझ्यामागे मी काठीसाठी यायचो, निर्मला. सोळा वर्षं सांगायचं धाडस झालं नाही. तुला दुखवलं, माझं चुकलं.”

निर्मलाने पदराने नाक पुसलं. मग ती बोटांवर काहीतरी जुळवू लागली.

“तुमचं घर कालव्यावरच व्हतं,” ती शेवटी म्हणाली. “साळंतनं येताना आदी तुमचं घर लागायचं. आमची वस्ती म्होरं, दीड किलोमीटर, सगळा ऊसच ऊस.”

“हो.”

“मंग भेकड मानूस सोताच्या दारात आल्यावर घरात न्हाई का शिरनार?”

सरांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

“तुमी घर सोडून म्होरं यायचे. मला वस्तीवर सोडायचे. काठी माझ्यापाशी ऱ्हायची. मंग तुमी परत कसे जायचे?”

“पळत,” सर म्हणाले.

“एकलेच?”

“एकटाच.”

“बिनघुंगराचे? त्याच उसातनं?”

“हो.”

“रोज?”

सरांनी मनातल्या मनात आकृती काढली. शाळा, घर, वस्ती. पुन्हा काढली. चार वर्षं चित्रकथा काढली, पण परतीची वाट एकदाही कागदावर आली नव्हती. कुठूनही मांडलं तरी भीतीने उत्तर येईना. ते खुर्चीत बसले.

“म्हणजे मी तेव्हा...” ते चाचरत म्हणाले, “माझं तुझ्यावर...?”

“आता कळतंय व्हय! पोरगं आठवीत गेलं,” निर्मला म्हणाली, पण तिच्या तोंडावर उजेड पडला होता. ती उठून मशीनवर जाऊन बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली. “मला तर पयल्याच दिशी कळलं व्हतं. नायतर मी कशाला रोज त्या कालव्यानं येत ऱ्हायले असते?”

“म्हणजे?”

“आमच्या वस्तीला साळंच्या मागनं माळावरची वाट व्हती. धा मिनटाची. उघडी, रकरकीत. ऊस न्हाई, बिबट्या न्हाई. आमच्या वस्तीवरची समदी पोरं तिकडनंच जायची.”

“आणि तू रोज अर्धा तास उसातून? हे मला सोळा वर्षांत कधी सांगितलं नाहीस?”

निर्मलाने दोरा दाताने तोडला.

“समदी दामूचंच इचारत्यात,” ती म्हणाली. “कुंदाचं कुनी इचारलंच न्हाई.”