बिशपमहाराजांनीं भिंत घातली त्याची हकीकत

श्री. ज्यानें आकाशास कुंपण घातलें नाहीं त्यास नमन करोन लिहितों. ख्रिस्ती गणना सन तेराशें बारा. नदीतीरीं एक शहर, तेथील धनी बिशपमहाराज. धर्मही त्यांचा आणि कोतवालीही त्यांची. शहरांत यहुदी लोकांची एक आळी. त्यांचे धर्मीं ऐसें कीं शब्बाथचे, म्हणजे शनवारचे दिवशीं उघड्या रस्त्यानें कांहीं वाहूं नये, मग तें कडेवरचें तान्हें कां असेना. परंतु सारी आळी चोहोंकडोन वेढिली असेल तर ती एका घरासारखी, मग चिंता नाहीं. सबब त्यांणीं खांबांवरोन दोरी ओढोन आळी वेढिली होती. आणि महाराजांची स्वारी मिरवीत त्या वाटें आली, आणि त्यांची उंच टोपी दोरींत अडकोन चिखलांत पडली, आणि लोक हांसले. मग काय विचारतां? महाराजांनीं दोरी तोडविली आणि पुन्हा बांधील त्यास हद्दपार करूं म्हणोन दवंडी पिटविली.

तेव्हांपासोन शनवारीं आळींत सुतक आल्यासारखें जाहलें. शब्बाथचे दिवशीं चूल पेटवूं नये म्हणोन आदले दिवशीं आळीच्या सामाईक भट्टींत ठेविलेलीं कडधान्याचीं मडकीं घरीं आणतां येईनात. आणि गुटलिन म्हणोन एक म्हातारी, पाय गेलेली, तिला पणतू जाहला तो आळीच्या दुसरे टोकास. शब्बाथचे दिवशीं लेंकराचे माथ्यावर हात ठेवोन आशीर्वाद द्यावा ही त्यांची रीत. म्हातारी म्हणे, "माझा हात उचलतो आहे तोंवर माथा आणा." आणणार कैसा?

इतक्यानेंही महाराजांचा राग शमेना, तेव्हां आळीभोंवतीं भिंत घालोन लोकांस कोंडावें ऐसा हुकूम जाहला. आळींत रडारड जाहली. परंतु त्यांचे धर्मगुरु मशुल्लाम दाढींत हांसले, आणि दरबारीं जाऊन हात जोडोन बोलिले, "महाराज, कोंडणेंच असेल तर नीट कोंडावें. भिंतीस कोठें खिंड नसावी आणि दोहीं टोकांस दारें असावीं." महाराज संतोषले. पहिला दगड स्वहस्तें बसविला आणि वर आपलें नांव कोरविलें.

भिंत पुरी जाहली आणि शब्बाथ आला. आदले दिवशीं मशुल्लाम यांणीं घरोघरचें मूठमूठ पीठ घेऊन, आळी एक घर जाहली याची खूण म्हणोन, सर्वांचा एक पाव भाजविला होता. आणि कोणी वाफाळतें मडकें, कोणी खुर्ची, कोणी तान्हें घेऊन निघाले. महाराज घंटाघरावरोन पाहतात तों आंत जत्रा. कारण पुसलें, तें कारकुनानें चांचरत सांगितलें. पाडा ती भिंत, ऐसें महाराज गरजले. कारकून म्हणाला कीं पाडावी खरी, पण लोक कारण पुसतील, आणि मग टोपीपेक्षां मोठें हंसें होईल. महाराज टोपी सांवरीत जेवावयास गेले.

इकडे म्हातारीनें पणतूचे माथ्यावर हात ठेविला, आशीर्वाद पुटपुटली, आणि डोळे पुसोन बोलिली, "बिशपाचेंही भलें होवो. दोरी कुजली असती, त्यानें दगडाची दिली."

ऐसें घडलें तें लिहिलें. भिंत अद्याप उभी आहे. वैरी असावा तर ऐसा, स्वखर्चानें उपकार करणारा.